३२ मुलं, २५०० रुपये आणि नॅपकिनचं गाठोडं

वाचकाचं पत्र

स. न. माझ्या मुलीचा सहावा वाढदिवस एप्रिलच्या शेवटच्या रविवारी, संध्याकाळी घरीच करायचा आहे. आम्ही जुळे सोलापुरात अपार्टमेंटमध्ये राहतो. बिल्डिंगमधली, वर्गातली आणि नात्यातली मिळून ३२ मुलं होतात. तीन वर्षांपर्यंतची ५, चार ते सात वर्षांची १७ आणि आठ ते बाराची १०. रिटर्न गिफ्टसाठी २५०० रुपये बाजूला काढलेत. मागच्या महिन्यात जाऊबाईंनी प्रत्येक मुलाला २५० रुपयांची बाटली दिली, तेव्हापासून घरात तुलना चालू आहे. सासूबाई म्हणतात स्टीलची वाटी द्या, नणंद म्हणते चॉकलेटचं पाकीट द्या, आणि मुलीला हवी आहे लाइट लागणारी अंगठी. गेल्या वर्षी मी पेन्सिल, रबर, पट्टी, शार्पनर असा सेट दिला होता. निम्म्या पट्ट्या त्याच रात्री मोडल्या आणि चार मुलांना सेट पुरलेच नाहीत. आता एका दुकानात १४ बाय २१ इंचाचा टर्किश नॅपकिन डझनाला ३६० रुपये सांगितलाय. पण लहान मुलांना नॅपकिन देणं बरं दिसेल का? सगळं कसं बसवू?

जुळे सोलापूरची एक आई

उत्तर

ताई,

नॅपकिन जरूर द्या, फक्त नुसता देऊ नका. सहा वर्षांच्या मुलाच्या हातात घडी केलेला नॅपकिन ठेवला तर त्याचं तोंड उतरणारच. वाढदिवसाहून घरी जाताना हातात काहीतरी आपलं, खेळायचं असावं असं त्याला वाटतं आणि त्यात त्याचं काही चुकत नाही. म्हणून नॅपकिनचं गाठोडं बांधा. वरून सगळ्यांना एकच नॅपकिन आणि आत वयाप्रमाणे वेगळी वस्तू. मग ‘त्याचं मोठं, माझं छोटं’ ही रडारड दारात होत नाही आणि पिशव्यांचा खर्च वाचतो. शिवाय जूनमध्ये शाळा उघडली की डब्याबरोबर नॅपकिन प्रत्येक घरी शोधला जातोच. आपल्या चादरीसारखंच सोलापूरच्या टेरी, म्हणजेच टर्किश, टॉवेललाही भौगोलिक मानांकन आहे. पाहुणे जाताना मुद्दाम घेऊन जातात ती वस्तू तुम्हाला डझनाच्या भावात मिळते आहे, त्यात बरं न दिसण्यासारखं काही नाही.

गेल्या वर्षी चार सेट कमी पडले ते बहुधा मोजणीमुळे. आपण बोलावलेली मुलं मोजतो, येणारी मोजत नाही. वर्गातल्या मुलीबरोबर तिचा धाकटा भाऊ येतो, शेजारच्यांकडे सुट्टीला आलेला भाचा येतो. आणि सगळ्यात हमखास विसरलं जाणारं मूल म्हणजे जिचा वाढदिवस आहे तीच. सगळ्यांना गाठोडं देऊन झालं की ती विचारते, ‘माझं कुठंय?’ म्हणून ३२ अधिक तुमची लेक अधिक तीन जादा, असे ३६ धरा. बरोबर तीन डझन होतात, तेव्हा नॅपकिन सुटे घ्यावे लागत नाहीत. लहानांचे ६, मधल्यांचे १९ (त्यात तुमची मुलगी आली) आणि मोठ्यांचे ११. तरी गुरुवारी प्रत्येक घरी व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: ‘रविवारी तुमच्याकडून किती मुलं आणि कोणत्या वयाची?’ असं थेट विचारलं की लोक थेट उत्तर देतात. ‘सगळ्यांनी या’ एवढंच लिहिलं की आकडा कळत नाही.

पैशांचा हिशेब असा बसतो. तीन डझन नॅपकिनचे १०८० रुपये. लहानांच्या वस्तूला फार तर ४५ रुपये धरा, सहांचे २७०. मधल्यांना ३५ प्रमाणे १९ जणांचे ६६५. मोठ्यांना ४० प्रमाणे ११ जणांचे ४४०. बेरीज २४५५. उरलेले ४५ रुपये बांधायच्या नाडीला. ही प्रत्येकाची वरची मर्यादा आहे. एखादी वस्तू स्वस्त मिळाली तर उरलेले पैसे दुसऱ्या छोट्या वस्तूत घालू नका. गेल्या वर्षीच्या सेटचं बिनसलं ते तिथंच. ठरलेल्या पैशात चार वस्तू बसवायच्या म्हटलं की चारही हलक्या दर्जाच्या येतात. पट्टी पातळ कडक प्लॅस्टिकची असते, जरा वाकवली की तडकते. शार्पनरचं पातं बोथट, त्यामुळे पेन्सिलचं टोक आत मोडतं आणि मूल ते नखाने काढायला जातं. त्याच पैशात एकच वस्तू घेतली तर ती वर्षभर टिकते.

आता नॅपकिनची खरेदी. इथं थोडा वेळ घाला, कारण १०८० रुपये यातच जाणार आहेत. डझन लगेच उचलू नका. सांगितलेल्या दुकानातून एक आणि नवी पेठ, चाटी गल्ली किंवा एमआयडीसीकडच्या एखाद्या दुकानातून एक, असे दोन नग आणा. दोन्ही घरी साबणाच्या पाण्यात धुऊन वाळवा, मगच निवड करा. नवा टर्किश नॅपकिन हाताला मऊ लागतो, पण पाणी टिपत नाही. गिरणीतून निघताना त्याला मऊपणासाठी रसायन लावलेलं असतं, ते एक-दोन धुण्यांत जातं. दोनदा धुतल्यावरही पाण्याचा थेंब वर तसाच मोत्यासारखा बसून राहिला, तर त्यात पॉलिस्टर बरंच आहे असं समजा. आणखी खात्री हवी तर काठाचा एक धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. सुती धागा कागदासारखा जळतो, त्याची भुरभुरीत राख होते. पॉलिस्टर आकसतो आणि टोकाला काळा टणक मणी तयार होतो. हे मोठ्या माणसाने आणि मोरीत करावं.

रंगाची परीक्षा याहून सोपी आहे. पांढरा हातरुमाल ओला करून नॅपकिनवर दहा-बारा वेळा जोरात घासा. रुमालावर रंग उतरला तर तो रंग सोडून द्या. गडद लाल आणि गडद निळा सर्वात जास्त दगा देतात, आणि शाळेचा पांढरा शर्ट पहिल्याच धुण्यात रंगला तर ती आई तुमची आठवण काढेल. पिवळा, फिका हिरवा, आकाशी यांत तो धोका कमी. तिन्ही डझन एकाच रंगाचे, एकाच लॉटमधले मागा. मुलांसाठी निळा आणि मुलींसाठी गुलाबी असं करू नका. आयत्या वेळी आलेल्या तीन मुलांत दोन मुली निघाल्या की गुलाबी कमी पडतो आणि निळे उरतात.

सेकंडचा, म्हणजे विणीत किंवा शिलाईत थोडा दोष राहिलेला, माल स्वस्त मिळतो. घ्यायला हरकत नाही, पण प्रत्येक नग दुकानातच उलगडून उजेडासमोर धरा. विणीत उभी रेघ दिसली तर तिथला धागा गेलेला असतो, तिथूनच पुढे फाटतं. चारही कडांची शिलाई बघा. दुमडून शिवलेली कड टिकते, नुसती ओव्हरलॉक मारलेली कड धुण्यात सुटते. धाग्याचा एखादा फासा (लूप) बाहेर आलेला असेल तर चिंता नको, तो ओढू मात्र नका, कात्रीने पातळीत कापा. टर्किशची वीण फाशांची असते, त्यामुळे एक ओढला की शेजारची सगळी ओळ निघत जाते. मुलांनाही हे एकदा दाखवून ठेवावं.

नावं शिवून घ्यायचा मोह होईल. गावात मशीन एम्ब्रॉयडरीवाले पुष्कळ आहेत आणि नाव घातलेला नॅपकिन दिसतोही छान. तरी या वेळी नको. जादाच्या तीन नगांवर कुणाचं नाव घालणार? जो मुलगा तापामुळे आला नाही त्याचा नॅपकिन दुसऱ्याला देता येत नाही. आणि आपल्याकडे मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुलं असतात. नाव ऐकून लिहिताना एक अक्षर चुकलं की ते मूल हिरमुसतं. पुढे कधी हौसेनं करायचंच झालं तर नाव मधल्या फाशांवर न घालता काठाजवळच्या सपाट विणलेल्या पट्टीवर घाला. फाशांवर टाके आत बुडतात आणि अक्षर खाल्लं जातं. फाशांवरच हवं असेल तर कारागिराला वर पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा ठेवून शिवायला सांगा.

आता आतल्या वस्तू. तीन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तुमच्या सासूबाईंचं अगदी बरोबर आहे. छोटी स्टीलची वाटी आणि आखूड दांड्याचा चमचा. या वयाचं मूल वाटी आपटतं, चाटतं, तिच्यात पाणी ओततं, आणि तिचा एकही भाग सुटून तोंडात जात नाही. वाटी सपाट बुडाची घ्या, गोल बुडाची उलटते. कड बाहेर मुडपलेली हवी. घेताना पर्समध्ये कापसाचा बोळा ठेवा आणि वाटीच्या कडेवरून, चमच्याच्या दांड्यावरून हलकेच फिरवा. तंतू जिथं अडकतात तिथं धार राहिलेली असते. बोटाला ती कळत नाही, पण बाळाच्या ओठाला लागते. दुकानदार लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे भारी स्टील’ असं दाखवेल. त्यावर जाऊ नका. भारी ३०४ स्टीलला चुंबक चिकटत नाही, तसं स्वस्त २०० मालिकेतल्या बऱ्याच स्टीललाही चिकटत नाही. आमटी-भाताच्या वाटीला दोन्ही चालतात, तुम्ही वजन आणि कड बघा. भांड्यांच्या दुकानात यंत्राने नाव घालून मिळतं. सहाच वाट्या आहेत आणि ती पाच बाळं बहुधा घरचीच, तेव्हा इथं नाव घालायला हरकत नाही. सहावी कोरी ठेवा.

चार ते सातच्या मुलांना मेणाचे खडू आणि कोऱ्या पानांची छोटी वही. २० रुपयांचे खडू, १५ ची वही असं धरा. बारा बारीक खडूंपेक्षा आठ किंवा सहा जाड खडू चांगले. या वयात मूल खडू मुठीत धरून दाबतं आणि बारीक खडू पहिल्या चित्रातच तुटतो. दुकानात एक डबी उघडून तपकिरी कागदावर ओढून बघा. खडू नुसता घसरला आणि रंग उमटला नाही तर त्यात मेण फार, रंग कमी. डबीवर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि ‘नॉन-टॉक्सिक’ असं छापलेलं हवं. सुट्या पाकिटातले बिननावी खडू घेऊ नका, कारण या वयाची मुलं खडू चावतात. वही रेघांशिवायची, साधारण १५ बाय २१ सेंटिमीटरची, नॅपकिनमध्ये नीट बसते. आणि एक लक्षात असू द्या, खडू आणल्यावर गाडीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिलच्या उन्हात बंद गाडी तापते आणि सगळ्या रंगांचा एक गोळा होतो.

आठ ते बाराच्या मुलांना काय द्यायचं, इथं बहुतेक आया अडतात. खडू त्यांना ‘लहानांचे’ वाटतात आणि ४० रुपयांत खेळण्यातलं चांगलं काही मिळत नाही. त्यांना पत्त्यांचा कॅट द्या. तुमची तारीखच तशी आहे. पुढचा दीड महिना सुट्टी, दुपारी बारा ते पाच सोलापुरात बाहेर पाय ठेवायची सोय नाही, आणि घरात पंख्याखाली बसून खेळायला पत्त्यांसारखं दुसरं काही नाही. सोबत अर्ध्या कागदावर बदाम सातचे नियम लिहून झेरॉक्स काढा. चार ओळी पुरतात: सगळे पत्ते सारखे वाटा, ज्याच्याकडे बदाम सत्ती त्याने ती टाकून सुरुवात करायची, पुढे प्रत्येकाने त्याच रंगात सत्तीच्या खाली छक्की किंवा वर अठ्ठी अशी ओळ वाढवायची, नाहीतर दुसऱ्या रंगाची सत्ती उघडायची, लागत नसेल तर पास, ज्याचे पत्ते आधी संपतील तो जिंकला. नियम हातात नसले की मोठी माणसं झोपेतून उठेपर्यंत कॅट पडून राहतो. घेताना एक कॅट फोडून ५२ पत्ते मोजा, आणि दोन पत्ते एकमेकांवर सरकवून बघा. हलक्या कागदाचे पत्ते चिकटतात आणि आठवड्यात कोपरे दुमडतात.

काही घरी पत्ते चालत नाहीत. तुम्हाला अशी दोन-तीन घरं माहीत असतील तर त्या मुलांना उड्या मारायची दोरी किंवा पुस्तक द्या. नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, ज्योत्स्ना प्रकाशन यांची मुलांची मराठी पुस्तकं आहेत, किंमत छापलेली असते ती बघून ४० च्या आत बसतात का ते ठरवा. मात्र सगळ्यांना सरसकट एकच पुस्तक नको. कुणी इंग्रजी माध्यमात, कुणी मराठी, कुणाच्या घरात तेलुगू. वाचायची भाषा माहीत नसताना दिलेलं पुस्तक कपाटात जातं. लाकडी भोवरा आणि जाळी हीही चांगली वस्तू आहे, पण खालचा खिळा अणकुचीदार असतो आणि फ्लॅटमधल्या फरशीवर टवके उडतात. अंगणाच्या घरी द्यावा, अपार्टमेंटमध्ये नको.

तुमच्या लेकीची लाइटची अंगठी मात्र देऊ नका, आणि तिला का नाही ते समजावून सांगा. त्या अंगठीत, चमकणाऱ्या ब्रेसलेटमध्ये, गाणाऱ्या छोट्या खेळण्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते. स्वस्त वस्तूत तिचं झाकण स्क्रूचं नसतं, नखाने उघडतं. मुलाने ती गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर ओलाव्यामुळे तिच्यातून वीज वाहू लागते आणि तिथली कातडी आतून भाजते. दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. २० मिलिमीटरची, साधारण रुपयाच्या नाण्याएवढी बॅटरी सर्वात धोक्याची. कधी असं झालं तर उलटी करायला लावू नका, केळं-भात खायला घालून वाट बघू नका, थेट मोठ्या रुग्णालयात एक्स-रे असेल तिथं न्या. तुमच्या यादीत पाच लहान बाळं आहेत आणि मोठ्या मुलांच्या घरीही धाकटी भावंडं असतील. म्हणूनच छोटी शक्तिशाली चुंबकं, पाण्यात फुगणारे रंगीत मणी, गोट्या या वस्तू दहा वर्षांच्या मुलालाही रिटर्न गिफ्ट म्हणून देऊ नयेत. तो गिळणार नाही, पण त्याच्या घरातली दीड वर्षाची बहीण गिळेल. एकाहून जास्त चुंबकं पोटात गेली तर आतड्याचे पदर मध्ये धरून एकमेकांना चिकटतात, आणि ते मणी आतड्यात फुगून वाट अडवतात.

एखादी वस्तू लहान मुलाच्या हाती द्यावी की नाही हे घरी तपासता येतं. जुन्या पत्रिकेचा जाड कागद घ्या, १० सेंटिमीटर लांब आणि साडेपाच सेंटिमीटर रुंद पट्टी कापा. लांबीची दोन टोकं एकमेकांवर न चढवता भिडवून चिकटपट्टी लावा. साधारण ३२ मिलिमीटर व्यासाची नळी तयार होते. खेळण्यांच्या सुरक्षेसाठी जो मापदंड वापरतात त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो, म्हणजे जवळपास तेवढीच. जी वस्तू, किंवा तिचा सुटणारा जो भाग, या नळीत पूर्ण मावतो, तो तीन वर्षांच्या आतल्या मुलाच्या घशात जाऊ शकतो. फळांच्या आकाराचे वासाचे खोडरबर यात मावतात आणि मुलं ते खाऊ समजून चावतातही.

पुढे कधी खेळणं घ्यायचं झालं तर पाकिटावर आयएसआय खूण बघा. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती बंधनकारक आहे. सुट्या पोत्यातून मोजून देतात त्या मालावर ती दिसणार नाही.

नणंदबाईंची चॉकलेटची कल्पना डिसेंबरमध्ये ठीक आहे. चॉकलेटमधलं कोको बटर साधारण ३४ अंशांना वितळतं आणि एप्रिलअखेर आपल्याकडे दुपारचा पारा चाळिशी ओलांडतो. फ्रिजमधून काढून गाठोड्यात घातलं तर घरी पोचेपर्यंत नॅपकिनला डाग. गोडच द्यायचं तर जेवणाच्या वेळी ताटात द्या. गाठोड्यात शेंगदाण्याची चिक्कीही नको. चार वर्षांच्या आतल्या मुलाला अख्खा किंवा तुकड्याचा दाणा ठसकतो, आणि कुणाला दाण्याची ॲलर्जी आहे हे तुम्हाला माहीत नसतं. प्लॅस्टिकच्या काडीचे लॉलीपॉप आणि फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, अजून दुकानात दिसल्या तरी घेऊ नका. कुणी रोपाची कुंडी सुचवेल. जुलैत छान, एप्रिलात ते रोप स्कूटरवर घरी जाईपर्यंत मान टाकतं.

जाऊबाईंच्या २५० च्या हिशेबाने ३६ मुलांचे ९००० होतात. त्यांनी हौसेनं दिलं, चांगलं केलं. तुम्ही त्या आकड्याच्या मागे जाऊ नका. एका घराने २५० दिले म्हणून दुसऱ्याने ३०० द्यायचे, असं सुरू झालं की बिल्डिंगमधल्या एखाद्या आईला मुलाचा वाढदिवस करायचीच धास्ती वाटू लागते. आलेल्या भेटीची ती परतफेड नसते. मूल आलं, खेळलं, म्हणून आपल्याकडून आठवण. तुमच्या ७० रुपयांच्या गाठोड्यात ते पुरेपूर आहे.

बांधणी शनिवारी दुपारी करा, दोघीजणी बसलात तर दोन तासांत होते. नॅपकिन आडवा पसरा, लांबीची बाजू आपल्याकडे. खालची कड वर आणून रुंदीत दुमडा म्हणजे २१ बाय ७ इंचाची पट्टी होते. दुमडीच्या आत मधोमध वही आडवी सरकवा आणि तिच्यावर खडूंची डबी ठेवा. मग डावं टोक आणि उजवं टोक वहीवर आणून दुमडा. पुस्तकाएवढं नेटकं पुडकं होतं. मधोमध नाडी गुंडाळून फुलाची गाठ मारा. एका पुडक्याला ८० सेंटिमीटर नाडी लागते. कॅटसाठीही हीच घडी, फक्त नियमांचा कागद कॅटभोवती गुंडाळून आत ठेवा, सुटा ठेवला तर उघडताना उडून जातो. वाटीची घडी बसत नाही. तिची पोटली करा: नॅपकिनच्या मधोमध वाटी, तिच्यात चमचा, चारही कोपरे वर धरून बांधायचं.

नाडी तीन रंगांची घ्या: लहानांना लाल ५ मीटर, मधल्यांना हिरवी १६ मीटर, मोठ्यांना पिवळी ९ मीटर. सगळी गाठोडी एका रंगाची आहेत, त्यामुळे आत काय आहे ते नाडीवरूनच कळायला हवं, नाहीतर आठ वर्षांच्या मुलाच्या हातात वाटी जाते आणि तो दारातच उघडून दाखवतो. ४५ रुपयांत नाडी बसली नाही तर शिंप्याकडून रंगीत कात्रणं मागून दोन बोटं रुंद पट्ट्या काढा. लाल नाडीची पोटली बाळाच्या हातात देऊ नका, आईकडे द्या आणि ‘नाडी सोडून टाका’ असं सांगा. लांब नाडी गळ्यात अडकते.

वाटप केक कापल्यावर नको. तेव्हा दिलं की मुलं तिथंच सोडतात, खडू सोफ्याखाली जातात, दोघांचे पत्ते मिसळतात. निघताना, दाराशी, चपलांजवळ द्या. तीन रंगांच्या तीन टोपल्या ठेवा, एखाद्या मोठ्या भाचीला यादी घेऊन बसवा, ती योग्य रंगाचं गाठोडं काढून देईल आणि तुमची लेक ते मैत्रिणीच्या हातात देईल. दहा-बारा देऊन झाल्यावर ती कंटाळून खेळायला पळेल, पळू द्या, बाकीची भाची देईल. तिचं स्वतःचं हिरव्या नाडीचं गाठोडं मात्र आधीच कपाटात काढून ठेवा. जे घरी आले नाहीत त्यांचं उरलं तर दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे पोचवा. जादाचे तीन उरले तर वॉचमनच्या किंवा कामाला येणाऱ्या मावशींच्या मुलांना तशीच बांधलेली द्या, वय विचारून, नाडी बघून.

या रविवारी फक्त दोन नॅपकिन आणा आणि धुवायला टाका.